कचरू सरांचा नातू

माझा मामा बसलेला आठवायचा म्हटलं तर मला आठवतच नाही. चहा उभ्यानं. पेपर दारात उभं राहून. जेवणसुद्धा ताट हातात घेऊन घरभर फिरत, आणि फिरता फिरता गळका नळ दिसला की ताट ठेवलंच खिडकीत अन् लागला पक्कड शोधायला. मामी म्हणायची, "ह्या माणसाच्या बुडाला खिळे हायेत का काय? लग्नात पाटावर बसले तेवढेच, ते बी भटजीनं दोनदा धोतर धरून खाली वढलं म्हणून." कुणाच्या लग्नाला गेला तर पंगतीत जेवायला नाही, वाढायला घुसायचा. मयतीला गेला तर लाकडं रचायला सगळ्यांच्या पुढं. त्याच्या शेजारी उभं राहिलं तरी आपले पाय दुखायला लागायचे.

शहरातल्या छावणी भागातल्या एका शाळेत तो विज्ञान शिकवायचा. गाव देवगाव रंगारी, म्हणजे माझं आजोळ. आणि नाव कचरू. हो, कचरूच. लाडाचं नाही, टोपणनाव नाही. शाळेच्या हजेरीपासून पेन्शनपर्यंत हेच एक.

दरवर्षी जूनमध्ये नव्या वर्गावर गेला की आधी फळ्यावर हे एवढाल्या अक्षरांत नाव लिहायचा आणि हात झाडून म्हणायचा, "हे माझं नाव. दोन मिनिटं देतो. हसून घ्या. पोट धरून हसा. नंतर वर्षभरात हसलात तर उठाबशा." पोरं आधी बिचकायची. मग मागच्या बाकावरून एखादा फिस्स करायचा आणि सगळा वर्ग फुटायचा. मामा तेवढा वेळ हातातलं घड्याळ बघत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारायचा. "झालं? आता ऐका."

मग तो ती गोष्ट सांगायचा. मी त्याच शाळेत शिकले, त्यामुळं मला ती पाठ आहे. "माझ्याआधी माझ्या आईची चार लेकरं गेली. बाळंतपणातच. मग मी झालो. आईनं मला नेऊन उकिरड्यावर ठेवलं. का? तर देवाला वाटावं, हे टाकून दिलेलं पोर आहे, ह्याला कशाला न्यायचं. शेजारणीनं मला उचललं आणि आईनं तिला मूठभर ज्वारी देऊन विकत घेतलं. कचऱ्यातनं आलो म्हणून कचरू. आता सांगा, मी कशानं जगलो?"

"ज्वारीनं!" सगळा वर्ग ओरडायचा.

"चूक. त्या साली गावात पहिल्यांदा नर्सबाई आली व्हती. तिनं सुईणीला कात्री उकळायला लावली. मी उकळलेल्या कात्रीनं जगलो. लिहा. पहिला धडा. जंतू."

असा माणूस. बुवा, बाबा, गंडे, दोरे यांचं नाव काढलं की त्याचं डोकंच फिरायचं. लहानपणी मला सारखा ताप यायचा म्हणून आईनं माझ्या गळ्यात ताईत बांधला होता. मामानं तो बघितला, सुई-दोऱ्याच्या डब्यातली कात्री घेतली आणि सगळ्यांदेखत फाडला. आतून निघाला सिनेमाच्या तिकिटाचा तुकडा. तोसुद्धा अर्धा! मामा तो तुकडा नाचवत घरभर फिरला, "बघ गं ताई, बाल्कनीचं पण नाय, खालच्या वर्गाचं हाय!" माझी आई त्याच्या पाठची, पण अंगानं थोराड म्हणून तो तिला ताईच म्हणायचा. आई दिवाळीपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. मला मात्र मामानं डॉक्टरकडं नेलं, मलेरियाच्या गोळ्या दिल्या, आणि ताप गेला. आई अजूनही म्हणते, ताईत आधीच लागू पडला होता.

नाव बदल म्हणून त्याला किती जणांनी सांगितलं! हेडमास्तर म्हणाले, निदान के. आर. सर तरी म्हणवून घ्या. नाही म्हणाला. लग्नाच्या वेळी सासरच्यांनी तर त्याला न विचारता पत्रिकेत 'चि. किशोर' छापून टाकलं. मामानं मांडवात लाउडस्पीकरवाल्याच्या हातातून माईक घेतला आणि स्वतःच जाहीर केलं, "पाहुण्यांना कळवण्यात येते की किशोर नावाचा मनुष्य आलेला नाही. लग्न कचरूचं आहे. ज्यांना जायचंय त्यांनी जेवून जावं." मामी मुंडावळ्यांच्या आत रडत होती. ती म्हणते, तिथंच कळलं मला, हे येडं हाय पण खोटं नाय.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे त्याचा नातू.

मामाला एकुलता एक मुलगा, विशाल. त्याची बायको केतकी, माहेर चितेगावचं, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. पोरगी हुशार, हिशेबी, कुणाला उगाच नमस्कार न करणारी. मामाचं तिच्याशी लई जमायचं. पण दोनदा दिवस राहिले आणि दोन्हीदा गेलं. तिसऱ्यांदा सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. मुलगा झाला, तळहाताएवढा, आणि जालना रोडवरच्या एका दवाखान्यात काचपेटीत ठेवला.

मी सिडकोत पोरांची खाणावळ चालवते. सकाळचे डबे गेले की दुपारी दवाखान्यात जाऊन बसायचे. बसायचे म्हणजे मी. मामा कॉरिडॉरमधून इकडून तिकडं. वॉचमननं दोनदा टोकलं, "चाचा, बैठ जाओ ना, चक्कर आता मेरेकू." मामा म्हणाला, "तू दुसरीकडं बघ." त्याचा उजवा हात सारखा पँटच्या खिशात. आत काहीतरी चाळवत असायचा. मला वाटलं किल्ल्या असतील.

काम काही नसलं की माणसं नावावर येतात. विहीणबाई, म्हणजे केतकीची आई, मोबाईलवर नावं काढून वाचायला लागल्या. रिवान, कियान, रेयान, विवान. ऐकून मला डबे वाजल्यासारखं वाटायला लागलं. विशाल आपल्या बापाच्या फेऱ्या बघत म्हणाला, "निवांत ठेवू या. आमच्या घरात एक तरी निवांत पाहिजे." कुणी हसलं नाही. मग मामी, जी तोवर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती, ती म्हणाली, "दगडू ठेवा."

"आई, काहीतरीच काय!" विशाल म्हणाला.

"काहीतरीच नाय. सासूबाईची चार गेली, पाचवं राहिलं ते कशानं राहिलं? हिची दोन गेलीत. दगडू ठेवा, न्हाईतर धोंडू ठेवा. वंगाळ नावाला नजर लागत नाय. पुढं मोठा झाला की बदला काय बदलायचं ते."

मला वाटलं आता केतकी मामीला गप्प करील. ती भिंतीला टेकून उभी होती, तोंड सुकलेलं. ती म्हणाली, "ठेवा आई. दगडू ठेवा. काहीही ठेवा. पण तो घरी येऊ दे."

झालं! तिथून जी धुमश्चक्री सुरू झाली ती थेट बारशापर्यंत. विशाल म्हणाला, शाळेत पोरं त्याला जगू देतील का. विहीणबाई म्हणाल्या, लोक विचारतील एवढ्या शिकलेल्या पोरीनं हे काय केलं. आमच्या घरच्या ग्रुपवर विषय गेला तशी सगळ्या खानदानाला बोटं फुटली. एका चुलतभावानं लिहिलं, दगडू लई भारी, जुन्या नावांची आता फॅशन आहे. मी लिहिलं, मग तुझ्या पोराचं बदलून ठेव. त्यानं ग्रुप सोडला. खरं सांगते, मला दोन्ही बाजू पटत होत्या आणि त्याचीच मला चीड येत होती.

मामा मात्र भडकला होता. असा भडकलेला मी त्याला ताईत फाडतानाही पाहिला नव्हता. "माझ्या घरात हे चालायचं नाय," तो म्हणाला. "माझ्या आईला अक्षर येत नव्हतं. तुम्हाला येतं."

मामी म्हणाली, "तुमचं काय वाईट झालं नावानं? पोरांना तुम्हीच तर सांगायचा, हसा म्हणून."

मामा थांबला. चालता चालता थांबला, हे लिहून ठेवण्यासारखं. "सांगायचो," तो म्हणाला. "तुला काय वाटतं, मला मजा यायची? ते आपणहून हसायच्या आधी मी हसायला सांगायचो, एवढंच. दर जूनला त्या फळ्यापाशी जायचं माझ्या जिवावर यायचं. रिटायर झालो तवा पहिलं काय वाटलं म्हाईतीय? आता जून येणार नाय." मामी त्याच्याकडं बघतच राहिली. इतकी वर्षं संसार केला तिनं, तिलाही हे ठाऊक नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

बाळ तगलं. वजन धरलं, दूध ओढायला लागलं, आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, घेऊन जा. केतकी आणि विशाल आत सूचना ऐकत होते, मामी रिक्षा बघायला गेली होती, बाळ माझ्या हातात. मामा आला, "दे इकडं," म्हणाला आणि बाळ घेऊन चालायला लागला, पण दाराकडं नाही. मागच्या जिन्याकडं.

"मामा, कुठं? मामा!"

जिन्याखाली कचऱ्याचे पिवळे-तांबडे डबे ओळीनं ठेवलेले होते आणि तिथं दवाखान्यातली आया उभी होती. नसीमा. तीही आमच्याच शाळेतली, माझ्या मागं दोन वर्गांनी. मामाला बघून ती ओढणी सावरत म्हणाली, "सर, मैं अबी बी बोलती, सोच लो. तुमीच तो सिखाये हमको, ये सब झूठ है करके."

"झूठच हाय," मामा म्हणाला. "हात धुतले का?"

"धोई ना सर."

"पुन्हा धू. साबणानं. कोपरापर्यंत."

तिनं पुन्हा धुतले. मामा त्या डब्यांकडं बघत उभा राहिला. बाळाला तिथं ठेवायला त्याचे हात काही पुढं होईनात. शेवटी म्हणाला, "ठेवायचं नाय. नुसतं दाखवायचं. लांबून." आणि त्यानं बाळ खरंच लांबून त्या डब्यांना दाखवलं. मग बाळ नसीमाकडं दिलं, खिशात हात घातला आणि मूठ बाहेर काढली. ज्वारी. इतके दिवस खिशात चाळवत होता ती ज्वारी! नसीमानं ओढणी पुढं केली, मामानं मूठ तिच्यात रिकामी केली आणि बाळ परत घेतलं.

"पोरगं कुणाचं?" त्यानं विचारलं.

"मेरा था, तुमकू बेची," नसीमा म्हणाली आणि डोळे पुसत पुढं म्हणाली, "मेरी बी दादी ऐसाच बोलती थी, सर."

मी तोंडावर हात धरून उभी. हसू की रडू कळेना. मामानं माझ्याकडं पाहिलं. "सुमे, कुणापाशी बोललीस तर तुझं तोंड बघणार नाय." मी शपथ घेतली. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या सिडकोला माहीत आहे, पण मी घेतली आणि पाळली.

आता माझे हाल बघा. घरी आल्यावर केतकी झोपेना. बाळानं उचकी दिली की दचकून उठायची आणि "दगडू, ए दगडू" म्हणायची. विशाल दुसऱ्या खोलीत जाऊन दार आपटायचा. नवराबायको धड बोलेनात. मला माहीत होतं की मामानं दोन शब्द टाकले तर केतकीच्या जिवाला थारा मिळेल आणि लेकराच्या माथी ते नाव बसणार नाही. मामालाही माहीत होतं. मी त्याला गच्चीवर गाठलं. तो पाण्याची टाकी धूत होता, धुतलेलीच.

"मामा, सांगून टाक ना तिला."

"काय सांगू? जन्मभर ताईत फाडले आणि शेवटी खिशात ज्वारी घेऊन फिरलो? कोणत्या तोंडानं?"

"मग दगडू होऊ दे."

त्यानं ब्रश टाकीत आपटला. "ते बी नाय."

बारशाचा दिवस उजाडला तरी नाव ठरलेलं नव्हतं. विशालला सख्खी बहीण नाही, म्हणून मी आतेबहीण तीच बाळाची आत्या. बाळाच्या कानात नाव सांगायचं काम माझं, आणि पाठीत बुक्क्या खायच्या त्याही मीच. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, माणसं जमली. मामाचे जुने हेडमास्तर आले, गावोगाव बुवांची भांडाफोड करायला ज्यांच्याबरोबर तो फिरला ते दोन-तीन मास्तर आले. मागं कोपऱ्यात नसीमा येऊन बसलेली पाहिली आणि मी मामाकडं बघितलं. तिला कुणी बोलावलं? विहीणबाई मला विचारत होत्या, ही बाई कोण हो?

बाया माझ्या मागं मुठी वळून तयार. मी पाळण्याशी वाकले. एका बाजूनं विशाल दात खाऊन पुटपुटतोय, "निवांत, ताई, निवांत." दुसऱ्या बाजूनं केतकीनं माझं मनगट धरलेलं, गार हात, "ताई, दगडू म्हणा. तुमच्या पाया पडते." मी ताठ उभी राहिले. "आधी एक काय ते ठरवा," मी म्हणाले, "मगच वाकते. मी काय देवळातली घंटा आहे, कुणीही वाजवायला?"

मामा दारापाशी फेऱ्या मारत होता तो आत आला.

"केतकी," तो म्हणाला, "ते नाव ठेवायची गरज नाय. ते काम झालंय."

"कसलं काम, अण्णा?"

"विकत घेतलंय त्याला. दवाखान्यात. मूठभर ज्वारी देऊन. तो आता आपला नाय, दुसऱ्याचा हाय. मी घेतलाय."

मामी म्हणाली, "कुणी? तुम्ही?"

"मी."

आधी हेडमास्तर हसले. वाईट मनानं नाही, पण हसले, "कचरू सर, तुम्ही?" मग एक मास्तर हसला, आणि मग सगळी खोली. मामा मधोमध उभा होता, सवयीनं घड्याळाकडं बघत. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला त्या सगळ्यांच्या थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. मागून नसीमा घुगऱ्यांची वाटी घेऊन उभी राहिली, "मैंच बेची दीदी, मेरेसेच लिये. हाथ धोके बेची. सर दो बार धुलाये."

केतकी हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसता खाली बसली आणि हुंदके द्यायला लागली. "मला आधी का नाही सांगितलंत, अण्णा?"

"लाज वाटली गं," मामा म्हणाला.

तिनं डोळे पुसले, पाळण्यात बघितलं. एवढ्या गोंधळात तो पठ्ठ्या मस्त झोपला होता, मूठ तोंडात. "निवांत म्हणा, ताई," ती म्हणाली.

मामी कुरकुरलीच. "निवांत? हे काय नाव हाय? आळशी व्हईल पोरगं." पण मी वाकून कानात कुर्र करून नाव सांगितलं तेव्हा माझ्या पाठीत पहिली बुक्की तिचीच बसली, आणि सगळ्यांत जोरात.

मामा गेला त्याला आता वर्ष होत आलं. गेला तोही उभ्यानंच, शेजारच्यांचा नळ दुरुस्त करता करता. निवांत तेव्हा नुकता बालवाडीत जायला लागला होता. त्याचं नाव ऐकून तिथं कुणी हसत नाही, बाई फार तर पुन्हा विचारतात.

मी मामाला वर्गात शेवटचं पाहिलं ते तो गेला त्याच्या आदल्या जूनमध्ये. शाळेनं त्याला नव्या पोरांना प्रयोग दाखवायला बोलावलं होतं. येणार नाही येणार नाही म्हणत गेलाच. मी त्या बाजूला डबे पोचवायला गेले होते, म्हणून वर्गाच्या दारात थांबले. फळ्यावर नाव होतं. हसणं होऊन गेलं होतं. उकिरडा, शेजारीण, ज्वारी, कात्री, सगळं सांगून झालं होतं. मला वाटलं आता 'लिहा' म्हणेल. पण तो थांबला, खिशात हात घातला आणि म्हणाला, "अजून एक हाय. माझा नातू झाला तवा मी पण मूठभर ज्वारी दिली. मी, तुमचा विज्ञानाचा सर. हसून घ्या. दोन मिनिटं."

पोरं हसली. तो फेऱ्या मारत राहिला. हसणं संपलं तशी पुढच्या बाकावरची एक दोन वेण्यांची पोरगी उभी राहिली.

"सर, मग ज्वारीनं जगतं का बाळ?"

"नाय. डॉक्टरनं जगलं. काचपेटीनं जगलं."

"मग तुम्ही दिली कशाला?"

मामानं घड्याळाकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, मग त्या पोरीकडं.

"भ्यालो व्हतो," तो म्हणाला. "लई भ्यालो व्हतो गं."

पोरगी हळूच खाली बसली. मामानं खडू उचलला, फळ्याकडं वळला. "चला, लिहा," तो म्हणाला. "पहिला धडा. जंतू."